समथ : दाबणे वेगळे, निवणे वेगळे

(विहाराच्या वर्धापनदिनानिमित्त धारूर येथील धम्मसभेत केलेले भाषण)



समितीने मला विषय दिला 'शांती'. मी सातवी पास माणूस. जिनिंगमध्ये सरकी भरली, रुई ओढली, गाठी बांधल्या आणि पाळी सुटल्यावर जे हाताला लागलं ते वाचलं. पंडित नाही. पण शब्द हा पंडिताच्या एकट्याच्या मालकीचा नसतो. तो आपल्याही तोंडात रोज असतो. म्हणून मी आज 'शांत' या शब्दापासून सुरू करून 'समथ' या शब्दापर्यंत जाणार आहे. छापखानेवाल्यांना आत्ताच विनंती करून ठेवतो, स्मरणिकेत 'समथ'चा 'समर्थ' करू नका. आपल्या कितीतरी पत्रकांत तो झालेला मी पाहिला आहे. वरचा रफार कुठून येतो कोणास ठाऊक!

आता बघा, आपण 'शांत' हा शब्द कुठंकुठं वापरतो. लेकरू रडायचं थांबलं, शांत झालं. वारा पडला, शांत झालं. म्हातारं माणूस गेलं, तरी आपण 'शांत झाले' म्हणतो. घर बांधलं की शेजारी वास्तुशांत करतात, पत्रिकेत काही निघालं की ग्रहशांत. ते आपण १९५६ साली सोडलं, निदान सोडलं असं म्हणतो. घराघरात एक शांताबाई असतेच आणि बहुतेक घरांत तिचाच आवाज सगळ्यात मोठा असतो. (हसू नका, तिला तसा आवाज काढावा लागतो म्हणून ती काढते.) शाळेत मास्तर म्हणतात शांत बसा. सणावाराच्या तोंडावर पोलीस ठाण्यात शांतता समितीची बैठक होते. कारखान्यात पगारवाढीचं विचारलं की मॅनेजर म्हणतो, शांत राहा, बघू.

या सगळ्या वापरांत एक गोष्ट माझ्या लक्षात आली. लेकरू शांत झालं, वारा शांत झाला, तिथं शांत होणारा स्वतः शांत होतो. बाकी बहुतेक ठिकाणी कोणीतरी दुसरा आपल्याला शांत करतो. आणि करणारा नेहमी वरचा असतो. खालच्याने वरच्याला 'शांत बसा' म्हटलेलं मी तरी कधी ऐकलं नाही. म्हटलं तर त्याला उद्धटपणा म्हणतात.

गावात आपल्या माणसावर काही प्रसंग आला की काय होतं, हे इथं बसलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. रात्रीच्या रात्री चार माणसं येतात. खाटेवर बसतात, चहा घेतात. एरवी आपल्या घरचा चहा न घेणारे त्या रात्री घेतात. आणि म्हणतात, 'बाबा, झालं ते झालं. गावची शांतता बिघडायला नको. मिटवून घ्या.' १९८९ साली अत्याचार प्रतिबंधक कायदा झाला, तो असल्या प्रसंगासाठीच झाला. पण कायदा पुस्तकात असतो आणि चार माणसं दारात असतात. शिवाय त्या माणसांच्या हातात एक वाक्य असतं, ते फार धारदार असतं : 'तुम्ही तर बुद्धाचे. बुद्ध म्हणजे शांती.' झालं! आपल्याच बापाचं नाव घेऊन आपलंच तोंड बंद. म्हणून हा शब्द नीट तपासून घेतला पाहिजे. तो आपला आहे आणि तो आपल्याच विरुद्ध वापरला जातो.

पालीत 'श' नाही. संस्कृतातला 'शम्' धातू पालीत 'सम्' होतो. त्याच्यापासून सन्त, सन्ति, उपसम आणि समथ हे शब्द आले. आपण विपस्सनेबरोबर समथ हा शब्द ऐकतो : समथ म्हणजे चित्त एका ठिकाणी स्थिर करणं, विपस्सना म्हणजे जसं आहे तसं पाहणं. सत्यनारायण गोयंका गुरुजींनी १९६९ साली ब्रह्मदेशातून येऊन मुंबईला पहिलं शिबिर घेतलं. १९७६ पासून इगतपुरीच्या धम्मगिरीवर शिबिरं चालतात. आपले काही लोक तिथं जाऊन आले, त्यांना फायदा झाला, दारू सुटली. हे चांगलंच आहे. माझं एवढंच म्हणणं आहे की हंगामात दहा दिवस रजा घेतली तर जिनिंगवाला अकराव्या दिवशी कामावर घेत नाही. आणि आपल्या तालुक्यातले ऊसतोड बांधव दिवाळीच्या सुमारास बिऱ्हाड घेऊन कारखान्याकडं निघतात. उचल आधीच घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता. त्यांनी डोळे मिटून कुठं बसायचं? त्यांना सकाळच्या थंडीत फडावर उभं राहून दहा श्वास मोजता आले तरी ते आनापानच आहे, असं मी मानतो. श्वासाला काही दहा दिवसांची रजा लागत नाही.

पण समथ हा शब्द फक्त डोळे मिटून बसण्याचा नाही, आणि ही गोष्ट आपल्याला फारशी कुणी सांगत नाही. विनयपिटकात भिक्खूंचे नियम आहेत, त्याला पातिमोक्ख म्हणतात. त्या नियमांत सगळ्यात शेवटी सात नियम आहेत, त्यांचं नाव 'अधिकरणसमथ'. अधिकरण म्हणजे तंटा, वाद, प्रकरण. अधिकरणसमथ म्हणजे तंटा शांत करण्याच्या रीती. तोच शब्द! जो मनासाठी, तोच भांडणासाठी. आता गंमत बघा की भगवंतांच्या संघात तंटा शांत कसा करतात.

पहिली रीत सम्मुखाविनय. सम्मुख म्हणजे समोरासमोर. ज्याचा वाद आहे तो हजर पाहिजे, ज्याच्याविरुद्ध आहे तोही हजर पाहिजे, संघ हजर पाहिजे आणि निकाल धम्म-विनयाला धरून पाहिजे. पाठीमागं निकाल नाही. एकाच्या घरी रात्री जाऊन खाटेवर बसून मिटवणं, हे या रीतीत बसत नाही.

दुसऱ्या एका रीतीचं नाव येभुय्यसिका. म्हणजे बहुमत. वाद मिटतच नसेल तर शलाका वाटायच्या, म्हणजे काड्या, आणि ज्या बाजूला जास्त काड्या तो निर्णय. मतदानच की हे! बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ ला घटना समितीत शेवटचं मोठं भाषण केलं, त्यात त्यांनी हेच सांगितलं की भिक्खू संघाला सभेचे नियम माहीत होते, ठराव माहीत होता, कोरम माहीत होता, मतपत्रिकाही माहीत होती. लोकशाही आपल्याला परकी नाही, ती आपण गमावलेली आहे, असा त्यांचा मुद्दा. भाषण सगळ्यांनी वाचलेलं असतं, पण ही मतमोजणी 'समथ' या नावाखाली येते हे ध्यानात राहात नाही. म्हणजे मत देणं हा शांत होण्याचा एक प्रकार आहे.

आणखी एका रीतीवर थोडं थांबतो, कारण ती सगळ्यात महत्त्वाची आहे आणि तिचाच सगळ्यात जास्त गैरवापर होऊ शकतो. तिणवत्थारक. तिण म्हणजे तृण, गवत. घाणीवर गवत अंथरून झाकतात तसं. दोन गट भांडले, दोघांनीही नको ते बोललं, नको ते केलं, आणि आता एकेक गोष्ट उकरत बसलो तर भांडण वाढेल, संघ फुटेल. अशा वेळी दोन्ही बाजूंचा एकेक जाणता भिक्खू उठतो आणि आपल्या बाजूच्या वतीनं सगळ्यांसमोर दोष कबूल करतो. मग त्यावर गवत टाकायचं. ऐकताना वाटतं, हेच तर ते चार लोक म्हणतात, झालं ते झालं. पण थांबा. या रीतीला विनयातच दोन अपवाद लिहिलेले आहेत. मोठा, गंभीर दोष असेल तर गवत चालत नाही. आणि गृहस्थाशी संबंधित दोष असेल तरी गवत चालत नाही. म्हणजे भिक्खूनं भिक्खूला तावातावानं काही बोललं तर झाका. पण दोष गंभीर असेल, किंवा बाहेरच्या साध्या माणसाशी केलेलं वागणं असेल, तर आपसांत उरकून झाकता येणार नाही. शिवाय कबुली दोन्हीकडून पाहिजे आणि उघड पाहिजे. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या या नियमात, काय मिटवता येतं आणि काय मिटवता येत नाही, याची रेघ मारून ठेवलेली आहे. पुढं कोणी गवताची पेंढी घेऊन दारात आला तर त्याला ही रेघ दाखवा.

आता मी माझ्या धंद्यातलं सांगतो. जिनिंगमध्ये कापसात खडा किंवा लोखंडाचा तुकडा आला आणि ठिणगी पडली, तर ती कधीकधी रुईबरोबर पुढं जाते आणि प्रेसमध्ये दाबली जाते. गाठ बनते १७० किलोची, पट्ट्यांनी आवळलेली. बाहेरून गार. हात लावला तरी कळत नाही. आत ती ठिणगी धुमसत असते, एक दिवस, दोन दिवस, कधी त्याहून जास्त. गोदामात सगळ्या गाठी शांत असतात आणि एका रात्री गोदाम पेटतं. वरून पाणी मारून उपयोग नसतो, ते आत पोचत नाही. जाणता कामगार काय करतो? वास येतो त्या गाठीला बाहेर ओढतो, मोकळ्या जागी नेतो, पट्ट्या तोडतो, रुई उकलतो, पसरतो आणि आतला निखारा निववतो. तोवर धूर होतो, धावपळ होते, मालक ओरडतो. पण निवतं.

आपल्या मराठीत हा किती चांगला शब्द आहे : निवणे. चहा निवला, भाकरी निवली, ताप निवला, डोळे निवले. आणि तुम्हाला सांगतो, हा शब्द आणि 'निब्बान' हा शब्द एकाच मुळातले आहेत. संस्कृतात निर्वाण, पालीत निब्बान, आणि आपल्या आयाबायांच्या तोंडी निवणे. भगवंतांनी गयासीसावर जे प्रवचन दिलं त्यात सगळं जळतंय असं सांगितलं : डोळे, कान, मन, सगळं लोभानं, द्वेषानं, मोहानं पेटलेलं आहे. ती आग निवणं म्हणजे निब्बान. बाबासाहेबांनीही निब्बान मेल्यानंतरचं धरलं नाही, याच जन्मात विकारांवर ताबा असंच धरलं. म्हणजे जो शब्द आपण मोठ्या अक्षरात पंचरंगी ध्वजाखाली लिहितो, तो आपली माय चुलीपुढं बसून रोज उच्चारत होती. थेरीगाथेत तर थेरी स्वतःबद्दल सांगतात की आम्ही निवलो, गार झालो. आणि त्यातली मुत्ता नावाची थेरी आधी काय सांगते? की उखळातून सुटले, मुसळातून सुटले, कुबड्या नवऱ्यातून सुटले. सुटणं आधी, निवणं मग. 'बाई, शांत बस' असं तिला कोणी म्हटल्यामुळं ती शांत झालेली नाही.

दाबलेलं आणि निवलेलं बाहेरून सारखंच दिसतं. हाच सगळा घोटाळा आहे. आचार्य बुद्धघोषांनी विसुद्धिमग्गात याला फार चांगलं नाव दिलं. (धर्मानंद कोसंबींनी, म्हणजे गोव्याच्या त्या ब्राह्मण पोरानं, सिंहलद्वीपापर्यंत जाऊन पाली शिकून हा ग्रंथ देवनागरीत संपादित केला, त्यांचे उपकार आहेत.) बुद्धघोष म्हणतात ब्रह्मविहारांतल्या प्रत्येक गुणाला दोन शत्रू असतात, एक लांबचा आणि एक जवळचा. लांबचा ओळखू येतो. जवळचा त्या गुणासारखाच दिसतो. उपेक्खेचा जवळचा शत्रू म्हणजे अज्ञानातून आलेली बेफिकिरी. आता पालीतल्या 'उपेक्खा'चं संस्कृत रूप 'उपेक्षा', तेच मराठीत आलं, आणि आपण झालो उपेक्षित! पालीत तो गुण आहे, दहा पारमितांतला एक. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' मध्ये त्याचा अर्थ उदासीनतेपासून मुद्दाम वेगळा काढला आहे : आवड-नावड बाजूला ठेवायची, फळ मिळो न मिळो ढळायचं नाही, पण काम सोडायचं नाही. काम सोडायचं नाही हे विसरू नका. दुष्काळात टँकरच्या रांगेतलं भांडण गच्चीवरून बघत बसणारा माणूस म्हणतो, मी शांत आहे. तो शांत नाही, त्याच्या घरात बोअर आहे.

आपल्या मराठवाड्यात एकनाथांना शांतिब्रह्म म्हणतात. कथा अशी की गोदावरीवरून आंघोळ करून येताना एक जण त्यांच्यावर थुंकत राहिला आणि ते प्रत्येक वेळी परत जाऊन आंघोळ करत राहिले, रागावले नाहीत. कथा चांगली आहे, वारकरी बांधव प्रेमानं सांगतात आणि मला नाथांबद्दल आदर आहे, त्यांनी अस्पृश्याचं लेकरू उचलून घेतल्याचीही कथा सांगतात. पण थुंकणाऱ्याचं पुढं काय झालं, तो दुसऱ्या दिवशी दुसऱ्या कोणावर थुंकला नाही ना, हे मला विचारावंसं वाटतं. थुंकी झेलणाऱ्याची परंपरा आपल्याकडं नाथांच्याही आधीपासून होती. आपल्या गळ्यात मडकं होतं.

मग शांत माणूस कसा असतो? मला महाड दिसतं. २० मार्च १९२७. बाबासाहेब आणि हजारो लोक चवदार तळ्यावर गेले, पाणी प्याले, परत आले. तेवढ्यात गावात अफवा उठवली की आता हे वीरेश्वराच्या देवळात घुसणार. मंडपात जेवत असलेल्या आपल्या माणसांवर लाठ्या घेऊन जमाव तुटून पडला. डोकी फुटली. बंगल्यावर बाबासाहेबांभोवती आपली जवान माणसं जमली, त्यातले कितीतरी पलटणीतले. एक शब्द मिळाला असता तर महाडात त्या दिवशी वेगळं झालं असतं. बाबासाहेबांनी शब्द दिला तो शांत राहण्याचा. आता 'शांत बसा' म्हणणारे लोक इथपर्यंतच सांगतात. पुढचं सांगत नाहीत. पुढं मारणाऱ्यांवर खटले झाले आणि शिक्षा झाल्या. पुढं त्याच वर्षी २५ डिसेंबरला त्याच महाडात मनुस्मृती जाळली. तळ्याचा दावा कोर्टात चालू होता म्हणून पुन्हा तळ्यावर जाण्याचा बेत कायद्याला मान देऊन थांबवला, आणि तो दावा चालवला किती? १७ मार्च १९३७ ला मुंबई हायकोर्टाचा निकाल आपल्या बाजूनं लागला. दहा वर्षं! दहा वर्षं न चिडता, न विसरता, तारखेमागून तारीख. याला मी समथ म्हणतो. मन निवलेलं होतं म्हणून दहा वर्षं टिकलं. चिडलेलं असतं तर दहा दिवसांत जळून गेलं असतं. आणि दाबलेलं असतं तर कोर्टात गेलंच नसतं.

बाबासाहेबांनी सिद्धार्थाच्या गृहत्यागाचं कारणही असंच सांगितलं. म्हातारा, रोगी, प्रेत पाहून नव्हे. शाक्य आणि कोलियांचं रोहिणी नदीच्या पाण्यावरून भांडण, संघाच्या सभेत युद्धाचा ठराव. सिद्धार्थ उठून उभा राहिला आणि बोलला. युद्धानं प्रश्न सुटत नाही, दोन्हीकडची माणसं निवडून चौकशी करा, असा त्याचा मुद्दा. हरला तो, बहुमत विरुद्ध गेलं. पण गप्प बसला नाही. भर सभेत सगळे चिडलेले असताना एकट्यानं न चिडता उलटं बोलणं, याला लागते ती शांती. धम्मपदात धम्मट्ठवग्ग काढून बघा, मौन पाळल्यानं मूर्ख माणूस काही मुनी होत नाही, असं तिथं भगवंत सरळ सांगतात.

नामांतराच्या वेळी, २७ जुलै १९७८ ला विधिमंडळात ठराव झाला आणि मराठवाड्यात आपल्या वस्त्या जळाल्या, तेव्हा मी लहान होतो. घरातली माणसं रात्री बोलत नसत, दिवा बारीक करत, एवढं आठवतं. ती शांतता होती. १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला त्या दिवशी इतका गोंगाट झाला की कुणाचं कुणाला ऐकू येईना. माझ्या मनानं विचाराल तर दुसऱ्या दिवशीच्या गोंगाटात जास्त शांती होती.

आता घरचं बोलतो, कारण बाहेरच्यांबद्दल बोलणं सोपं असतं. कोसंबीला भिक्खूंचं भांडण झालं, कारण अगदी क्षुल्लक. भगवंतांनी समजावलं, ऐकलं नाही. उलट म्हणाले, आपण निवांत राहा, आमचं आम्ही बघतो. भगवंत उठले आणि पारिलेय्यक वनात निघून गेले. मग उपासकांनी काय केलं? भिक्षा बंद केली. वंदन बंद केलं. तेव्हा सगळ्यांची डोकी ठिकाणावर आली. मला हा प्रसंग फार आवडतो, कारण यात शहाणपण तुमच्या-आमच्यासारख्या वर्गणीवाल्यांनी दाखवलं आहे!

आपल्याकडं एका गावात १४ एप्रिलच्या दोन-दोन, तीन-तीन जयंत्या निघतात. एका मिरवणुकीचा डीजे दुसरीपेक्षा मोठा. विहाराच्या सभामंडपाचं काम कोणी करायचं, पावतीपुस्तक कोणाकडं राहायचं, यावरून सख्खे भाऊ बोलत नाहीत. आणि वर्धापनदिनाला सगळे पांढरे कपडे घालून शेजारी बसतात. बाहेरून गार गाठ. मी नावं घेत नाही, कोणाला कोणाची नावं माहीत नाहीत असं इथं कोणी नाही.

माझी समितीला एक सूचना आहे. येत्या पौर्णिमेला वंदना झाल्यावर सगळ्यांनी थांबावं. सभामंडपाचा हिशेब दोन्ही बाजूंनी आपापल्या वह्यांसकट समोरासमोर मांडावा. महिला मंडळाला त्यात बोलायला आणि मत द्यायला पूर्ण हक्क असावा, कारण मूठ-मूठ धान्याची वर्गणी त्यांनीच गोळा केली आहे. एकमेकांना जे टाकून बोललो त्यावर खुशाल गवत टाकू. पैशावर गवत टाकायचं नाही. एकमत नाही झालं तर मत घ्या. कागदाच्या चिठ्ठ्या मी घरून कापून आणतो.

मी बराच वेळ घेतला. भन्तेजींची देशना व्हायची आहे. जयभीम! नमो बुद्धाय!